बिनब्रेकची स्कूटर : निमगाव सावा ते घोडेगाव

माझा भाचा प्रसाद याने आपल्या ब्लॉगवर आमच्या प्रवासाचे जे वर्णन प्रसिद्ध केले आहे, त्यातील तीन मुद्दे बिनचूक आहेत : प्रवास झाला, स्कूटर लाकडी होती आणि ती करवून घेणाऱ्या बाईंचे वृद्ध वडील उपस्थित होते. उरलेल्या मुद्द्यांसाठी हा लेख. त्याच्या शुद्धलेखनाविषयी येथे काही लिहीत नाही. ते काम मोठे आहे. शनिवारी दुपारी छायाचित्रे काढून तो पुण्यास परतला. मी सोमवारपर्यंत थांबलो, आणि जे घडले ते सारे त्यानंतर घडले.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी पहाटे ही लाकडी स्कूटर पाहण्यासाठी त्याच्या गाडीने आम्ही पुण्याहून निघालो. सहाच्या आत चाकण ओलांडावे, हा माझा सल्ला त्याने ऐकला नाही. त्यामुळे तेथील कोंडीचे पाऊण तास निरीक्षण करता आले. नारायणगावात मिसळ खाल्ली. नव्वद रुपये, रस्सा पुन्हा मागितल्यास वेगळे पैसे पडत नाहीत. तेथून पूर्वेला निमगाव साव्याचा रस्ता बरा आहे, मात्र या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे आपण पायी चालल्यास लवकर पोहोचू की काय, असे वाटत राहते.

दत्तोबा सुतार साठीचे आहेत. बैलगाडा शर्यतीचे हलके गाडे करण्यात त्यांची हयात गेली. लाकडी स्कूटर ही त्यांची पहिलीच. प्रसाद लिहितो त्याप्रमाणे ती ‘अखंड सागवानी’ नाही. सांगाडा बाभळीचा आहे आणि सागाच्या फळ्या जोडून, रंध्याने गोलाई आणून दोन्ही बाजूंचे फुगीर भाग घडवले आहेत. सांध्यावरून मी नख फिरवले. ते कोठेही अडकले नाही. चाके फिरतात. डाव्या मुठीवरचा गिअर वळतो व वळताना आवाजही करतो.

ही स्कूटर घोडेगावच्या सुनंदाबाईंनी करवून घेतली होती. त्यांचे वडील किसनराव पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालेले. जनावरांना लस टोचण्यासाठी त्यांनी आयुष्यभर आंबेगाव तालुका स्कूटरवरून पालथा घातला. आता काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली आहे, परंतु स्कूटर दारात आहे आणि तिची चावी किसनरावांच्या कडदोऱ्याला बांधलेली आहे. लाकडी स्कूटरचे काम चालू असतानाच, पंधरा दिवसांपूर्वी, ते गाडी काढून शेजाऱ्याच्या कांद्याच्या वाफ्यात गेले. पुढच्या खेपेला हमरस्ता असेल, ही सुनंदाबाईंची भीती. त्यांची रजा रविवारी संपत होती. सोमवारपासून वडील दिवसभर घरी एकटे राहणार होते. बसायला लाकडी स्कूटर मिळाली, तर खरीची चावी ते देतील, अशी त्यांची आशा होती.

रात्री वारूळवाडीच्या लॉजवर मुक्काम केला. खोली नऊशे रुपये. गरम पाणी फलकानुसार चोवीस तास आणि नळानुसार सहा ते सात.

शनिवारी स्कूटर टेम्पोत चढवली. प्रसाद आपल्या गाडीने मागून आला. मी दत्तोबांबरोबर टेम्पोत बसलो. मंचरच्या चौकात एका दुचाकीस्वाराने विचारले, “राव, अ‍ॅव्हरेज किती देती?”

“चारापाणी लागत न्हाई, येवढंच,” दत्तोबा म्हणाले.

घोडेगावला किसनराव ओट्यावर बसले होते. सुनंदाबाईंनी नुकतेच त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते. प्रसादने टिपलेले आणि ज्यांच्यावर त्याने अख्खा परिच्छेद खर्ची घातला ते ‘कृतज्ञतेचे अश्रू’ म्हणजे हे औषध होय. छायाचित्र मनासारखे मिळाल्यामुळे तो निघाला. मी सुनंदाबाईंकडेच मुक्काम केला.

त्यानंतर किसनराव स्कूटरपाशी आले. त्यांनी दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत बोटांनी सगळी गाडी वाचली. गिअर वळवून पाहिला. किकवर पाय देऊन पाहिला. मग ते आसनावर बसले आणि त्यांचा उजवा पाय पुढच्या फळीवर काहीतरी शोधू लागला. पाय बराच वेळ फिरत राहिला.

“ब्रेक कुठंय?”

दत्तोबा गोंधळले. गाडे करण्यात जन्म गेलेल्या माणसाला ब्रेक सुचलाच नव्हता. “चाळीस वर्सं गाडं करतोय. एकालाबी ब्रेक लावला न्हाई.”

“तरीच ते लोकांच्या अंगावर जात्यात,” किसनराव म्हणाले, आणि उतरले. ब्रेक नाही तर गाडी नाही. चावी आहे तिथेच राहील, असे त्यांनी लेकीला बजावले. सुनंदाबाईंनी समजावून पाहिले की ही गाडी मुळात चालायचीच नाही, तेव्हा ती थांबवायची कशाला. त्यावर ते आत गेले. दत्तोबा तर चहाही न घेता टेम्पोत बसले. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून मला विचारले, “पावणं, म्हातारं ऐकंल का वो?”

रविवारी मी भीमाशंकरला जाणार होतो. वाचकांनी अवश्य जावे. मी गेलो नाही. दुपारच्या एसटीने दत्तोबा पिशवीत हत्यारे आणि बाभळीचा एक तुकडा घेऊन उतरले. फळीला खाच पाडून त्यांनी तीत पायाने दाबायचा ब्रेक बसवला, खाली जुन्या फाटकाची स्प्रिंग लावली. तिन्हीसांजेला किसनरावांनी तो दाबून पाहिला.

“ढिला हाय.”

दत्तोबांनी तो काढला, स्प्रिंगखाली चकती घातली आणि पुन्हा बसवला. त्या रात्री दत्तोबांना व मला, दोघा पाहुण्यांना, मासवडी मिळाली. एकमेकांच्या शेजारी बसून, दोन-दोन वेळा वाढून घेऊन आम्ही जेवलो.

सोमवारी सकाळी सुनंदाबाई कामावर जाण्याच्या तयारीत असताना किसनराव स्कूटरवर बसले. ब्रेक तीनदा दाबला. मग सदरा वर करून कडदोऱ्याची गाठ सोडू लागले. गाठ जुनी होती, वेळ लागला. कोणी मदतीला गेले नाही.

“घे,” ते लेकीला म्हणाले. “गाडी मी थांबिवली. तुमी न्हाई.”

परतीला एसटी घेतली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना शून्य रुपयांचे तिकीट मिळते आणि वाहक ते रीतसर फाडून देतो. घरी येऊन प्रसादचा लेख वाचला. त्याची छायाचित्रे उत्तम आहेत. पण माझ्याकडे राहिले आहे ते त्यांत नाही : फळीवर ब्रेक शोधणारे ते पाऊल.

दुरुस्त्या पुढीलप्रमाणे :

स्कूटरची घडण : लेखात ‘अवघ्या आठ दिवसांत’. वस्तुतः दसरा ते संक्रांत.

स्कूटर पूर्ण झाली : लेखात शुक्रवार. वस्तुतः रविवार, तिन्हीसांजेनंतर.

चावी दिली : लेखात ‘शनिवारी, त्याच क्षणी’. वस्तुतः सोमवार, सकाळी.

मी गाडी चालवणे सोडले : लेखात ओझरता उल्लेख, ‘मामांनी भाऊबीजेला स्वतःहून’. वस्तुतः धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, मी दंतवैद्याकडे गेलो असताना, माझी गाडी विकली गेली.