समुद्रापारची सून

ताडकळसला आबासाहेबांच्या ज्वारीच्या कोठीवर पहारा करणारे चाऊसकाका मूळचे अरबस्तानचे. नाव अवद. त्यांच्या मुलखात वाळू, खजूर आणि वाळवलेले मासे, एवढंच. पोटासाठी गलबतात बसून मुंबईला उतरले आणि निजामाच्या राज्यात आले. समुद्र केवढा असतो, असं आम्ही पोरींनी विचारलं की म्हणत, "गोदावरीला पलीकडचा काठच नसला, तर?" त्यावर माझी धुरपताआत्या एकदा म्हणाली, "बया! मग पलीकडच्या बायांशी भांडावं कसं?"

घरून निघताना आईनं काकांच्या कमरेच्या फडक्यात खजुराच्या तीन बिया बांधल्या होत्या. "जिथं पोट भरेल तिथं पेर." काकांनी त्या कोठीमागं पेरल्या. दोन मेल्या. एक उगवली ती वाढत वाढत माळवदाच्या वर गेली. काकांनी लग्न केलं नव्हतं. सकाळची नमाज झाली की खजुरीला घागरभर पाणी घालायचं आणि तिच्याशी अरबीत बोलायचं. काय बोलता, विचारलं तर म्हणायचे, "घरची खुशाली विचारतो."

मी आठ-नऊ वर्षांची असताना गावातल्या माणिकरावांनी शिंदीचा गुत्ता घेतला. म्हणजे शिंदीच्या झाडांना चिरा पाडायच्या, रस काढायचा आणि गावाला पाजायचा, याचा ठेका. चुन्याचं बुडकुलं घेऊन ते झाडांवर आकडे टाकत हिंडले. खजूर आणि शिंदी दिसायला चुलत बहिणी. काकांच्या खजुरीवरही त्यांनी एकेचाळीस टाकला.

"मालक, ही शिंदी न्हाई. खजूर हाय," काका म्हणाले.

"मग फळ दाखवा की! एक दाणा धरला न्हाई अन् म्हणं खजूर. होळी झाली की कोयतेवाला धाडतो."

काकांनी जन्मात कधी शिंदी तोंडाला लावली नव्हती, आणि आता त्यांच्या आईनं दिलेल्या झाडाची शिंदी गाव पिणार. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आत्या भाकरी घेऊन गेली तर हे बुंध्याशी बसलेले.

"पर चाऊसदादा, फळ का धरंना?"

"बाई, ही मादी. आमच्याकडं माणूस नराचा तुरा आणतो, वर चढतो, मादीच्या फुलोऱ्यात बांधतो. मग खजूर. इथं दोन साल फुलोरा वाया गेला."

"म्हंजे लगीन राहिलंय, असं सांगा की! आमी तुळशीचं दरसाल लावतो. नवरदेव कुठं मिळंल?"

"शिंदीचा नर चालतो. ओढ्याकाठी हाय एक, ह्याच साली फुललाय. पण माणिकरावांच्या गुत्त्यातला."

आत्या उठली ती भाकरीचं फडकं तिथंच विसरून. थेट माणिकरावांच्या बायकोकडं, कमलबाईकडं.

"कमळे, तुज्या लेकाला स्थळ आलंय."

"मला कुठला लेक, धुरपताबाई?" कमलबाईला चार मुली, चौघी सासरी.

"ओढ्याकाठचा. कवाचा उभाच हाय बिचारा."

सगळं ऐकून कमलबाई पोट धरून हसली. मग हळूच म्हणाली, "विहिणीचा मान मिळंल का पर?"

"पाय धुते की!"

माणिकराव परभणीला गेले तो दिवस धरला. काकांनी नराचा तुरा काढून दिला. कमलबाई तो परातीत घेऊन हलगी लावून आली. खजुरीला हिरवं लुगडं नेसवलं होतं. आत्यानं पाय धुतले तर कमलबाई रुसली, पाणी गार होतं म्हणून. तापवून पुन्हा धुतले. काका कमरेला दोर बांधून वर चढले. वर ते बिस्मिल्ला म्हणाले, खाली आत्यानं सावधान म्हणून अक्षता टाकल्या. ज्याच्या कानावर जायचं त्याच्या कानावर दोन्ही गेली, असं मी तरी समजते.

होळी झाली. माणिकराव कोयतेवाल्याला घेऊन आले, मागून कमलबाई धावत.

"सुनेच्या मानेला कोयता लावता व्हय?"

"झाड हाय ते! एकेचाळीस नंबर!"

"नंबर तुमच्या वहीत. चार लेकी दिल्या, चार मांडवात वाकले. आता कुठं सासू झालेय, तर सुनेलाच चिरायला निघालाव?"

बायका जमल्या. आत्या पदर सावरून म्हणाली, "गुत्तेदार, सासऱ्यानं सुनेकडं असं टक लावून बघू नये."

कोयतेवालाच आधी हसला. माणिकरावांनी पागोटं काढून घाम पुसला. "बरं. फळ धरलं तर सून. न्हाई धरलं तर एकेचाळीस नंबर."

पुढचे दोन-तीन महिने काकांचा अर्धा पहारा कोठीवर आणि अर्धा आभाळाकडं. आत्यानं मारुतीला नारळ बोलला. फुलोऱ्यात हिरव्या मण्यांएवढं काहीतरी दिसायला लागलं तेव्हा काका कुणाशी बोलेनात, दृष्ट लागेल म्हणून. ज्येष्ठात पिवळे घोस लोंबले.

पहिलं ताट कमलबाईकडं गेलं. माणिकरावांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा खाता खाता ओलं पोतं घेऊन आले आणि बुंध्यावरचा आकडा स्वतः घासून काढला. "व्याही," ते काकांना म्हणाले, "पुढल्या साली नवरदेवाचा तुरा मीच आणतो."

काकांनी तीन बिया धुऊन बाजूला ठेवल्या.

"आता कुठं पेरता?" आत्यानं विचारलं.

"पेरत न्हाई. मुंबईच्या गलबतवाल्याकडून आईला धाडतो."

"थांबा." आत्यानं त्या हिरव्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी फाडली आणि बिया तिच्यात बांधल्या. "लेक कशी नांदायलीय, ते आईला कळाया नगं व्हय?"