मी न लिहिलेली पोस्ट

आधीच सांगते, मला उदकशांत, उतारा, वास्तुदोष यातलं काहीही सुचवू नका. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. काही बिघडलं की नेमकं कुठे बिघडलं ते शोधायचं, एवढंच मला येतं. ऑफिसात कुणी असल्या गोष्टी काढल्या की मी कप उचलून जागेवर निघून जायचे... आणि आज मीच इथे लिहायला बसले आहे. भीतीने नाही, संतापाने. नावं बदलली आहेत. आणि कृपा करून हे कुठल्याही ग्रुपवर फॉरवर्ड करू नका.

आम्ही मूळचे बेळगावकडचे. लग्नानंतर मी बंगळूरला आले. सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीत नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. माझा एक मराठी ब्लॉग होता. बाल्कनीतली झाडं, आमच्याकडचे पदार्थ, शेजाऱ्यांच्या गमती, असलंच काहीबाही. किती जणांनी वाचलं, कुठल्या गावातून वाचलं, हे अ‍ॅनालिटिक्समध्ये बघायचा मला छंद होता. प्रत्येक पोस्ट मी हौसेने नातेवाइकांना पाठवायचे. बऱ्याच जणांना ती ईमेलने आपोआप जायची. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, मेधाचा, नवरा प्रसादही होता.

मेधाला हुबळीला दिली होती. प्रसाद तिला मारायचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गेल्या वर्षी एका सकाळी ती नेसत्या कपड्यांनिशी माझ्या दारात उभी राहिली. माझा नवरा तेव्हा कामासाठी परदेशी होता. ती आल्याचं मला आणि समोरच्या फ्लॅटमधल्या अक्कांना, एवढ्यांनाच माहीत होतं. अक्का म्हणजे इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरात राहिलेल्या मराठी बाई. आईलाही मी कळवलं नाही, तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून.

"ताई, कुणाला कळू देऊ नको," मेधाने एवढंच मागितलं.

मी ब्लॉगवर एक अक्षर टाकलं नाही. उलट घराचे फोटो असलेल्या जुन्या पोस्ट प्रायव्हेट करून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मेधा माझा हिरवा कुर्ता घालून स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसली होती. कुकरची शिट्टी झाली. ती म्हणाली, "इथं शिट्टी झाली तरी छातीत धस्स होत नाही गं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आम्ही दोघीच होतो. फोन माझा चार्जिंगला, आतल्या खोलीत. मेधाने तर स्वतःचा फोन हुबळीतच टाकून दिला होता.

त्या रविवारी दुपारी प्रसाद आला. कुणाच्या तरी मागोमाग गेटमधून आत शिरला असावा. मेधा आत जाऊन कडी लावून बसली. मी साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"मेधाला बाहेर पाठवा."

"मेधा इथं नाही, प्रसादराव."

तो हसला. फोन फटीतून माझ्या तोंडासमोर धरला. "तुम्हीच लिहायचं आणि तुम्हीच नाही म्हणायचं? मला तुमच्याच ब्लॉगचा ईमेल आलाय."

'धाकटी आली' असं पोस्टचं नाव होतं. ब्लॉग माझा, भाषा माझी, वाक्यात टिंबं टाकायची सवयसुद्धा माझीच... त्याने ते कुकरचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, जसंच्या तसं. खाली फोटो. हिरव्या कुर्त्यातली मेधा, शेंगांचं ताट, तिच्या पाठीवर माझा हात. फोटो फ्रिजच्या बाजूने काढलेला होता. आमचा फ्रिज भिंतीला टेकून आहे. भिंतीपलीकडे काही नाही, नऊ मजले खाली पार्किंग.

तो दारावर लाथा घालायला लागला तशा अक्का बाहेर आल्या. फोन कानाला लावूनच. "सेक्युरिटीला बोलावलंय मी. मेधा येणार नाही, सरी, समजलं ना? आता जावा तुम्ही." सिक्युरिटीवाले त्याला खाली घेऊन गेले. पुढे आम्ही रीतसर तक्रारही केली. तो पुन्हा आलेला नाही.

पण मेधाने आतून सगळं ऐकलं होतं.

"ते मी फक्त तुलाच बोलले होते, ताई."

"मी नाही लिहिलं."

"मग कुणी?"

मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला. तशी पोस्ट कुठेच नव्हती. ड्राफ्टमध्ये नाही, डिलीट केलेल्यांत नाही. दुसऱ्या कुणी लॉगिन केल्याची नोंद नाही. त्यानेच बनवली असेल, आजकाल फोटो काय कुणीही बनवतं, हे मीही तिला म्हटलं. पण कुर्ता? ते वाक्य? मग मी अ‍ॅनालिटिक्स उघडलं. तिथे ते पान होतं. नसलेली पोस्ट उघडल्याच्या नोंदी होत्या, पुन्हा पुन्हा. पहिली नोंद मेधा यायच्या आधीच्या आठवड्यातली. तेव्हा ती हुबळीत होती, आणि घर सोडायचं तिचं स्वतःचंच ठरलं नव्हतं.

ब्लॉगच्या कंपनीला लिहिलं. असं पान आमच्याकडे कधीच नव्हतं, असं उत्तर आलं. आईला कळल्यावर ती फोनवर म्हणाली, "तुला सगळं चव्हाट्यावर मांडायची सवयच आहे." मी फोन आपटला. हुबळीतल्या माणसाने हात उगारल्याचं कळलं तेव्हा मात्र तिने आवाज चढवला नव्हता.

मेधा तर प्रसाद येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली. अक्कांनी तिची कुठेतरी सोय लावली. कुठे, ते त्या मला सांगत नाहीत. "तीच नको म्हटली बाई. मी काय करू?" असं म्हणतात. माझ्या बहिणीचा पत्ता समोरच्या दारात आहे आणि मला नाही. ब्लॉग मी कधीच पुसून टाकला. तरी राग जात नाही, कारण तो कुणावर काढायचा तेच मला माहीत नाही.

मागच्या महिन्यात मेधाचा फोन आला. नोकरी लागली म्हणाली. बरी वाटली. ठेवताना मी विचारलंच, "अजून वाटतं तुला, मी लिहिलं म्हणून?"

ती म्हणाली, "तू लिहिलं असतंस तर मी केव्हाच माफ केलं असतं, ताई. पण तू नसशील लिहिलं, तर त्या घरात मी परत कशी येऊ?"

मी मात्र याच घरात राहते.