आत्याचा चेहरा

तिचं घरचं नाव गोरी. ठेवलं आईनं, हट्टानं. पोरगी बापासारखी काळी, कुरळ्या केसांची, म्हणून मामा म्हणायचा, "नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!" सगळे हसायचे. आई हसायची नाही. ती गोरीचे केस बारीक कापून टाकायची, उन्हात सोडायची नाही आणि नवीन माणूस आला की सांगायची, "लहानपणी मोठा ताप आला, त्यात काळवंडली."

बाप बंदरावर कामाला आलेल्या परमुलखातल्या लोकांपैकी. ते सगळे पुलापलीकडे राहायचे. गोरी चालायला लागण्याआधीच तो क्रेनखाली सापडून गेला. मग त्याचा फोटोही भिंतीवरून उतरला. गोरीला सांगितलं होतं, बाप आईच्याच लांबच्या नात्यातला, अलीकडचाच. गल्लीतल्या पोरांना खरं ठाऊक होतं. ती पोरं तिला "पलीकडची" म्हणून चिडवायची आणि गोरी त्यांना दगड मारायची, कारण पलीकडच्यांना तीही नावंच ठेवायची.

मोठी झाल्यावर ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत लागली. ओल्या चादरी दोघींनी धरून झटकायच्या आणि इस्त्रीच्या गरम रुळांमधून सरकवायच्या. दुसरं टोक धरणारी म्हातारी पलीकडची होती. एक दिवस ती चादर धरून नुसती बघतच राहिली.

"तू क्रेनवाल्याची मुलगी ना गं? त्याच्या बहिणीचं तोंड जसंच्या तसं उचललंयस."

"माझा बाप पलीकडचा नव्हता," गोरी फाडकन म्हणाली.

बरेच दिवस ती म्हातारीशी बोलली नाही. मग आपणहूनच विचारलं, "कुठं राहते ती बहीण?"

आत्यानं दार उघडलं. गोरीला आपलंच म्हातारपण समोर उभं असल्यासारखं वाटलं. आत्या तिला कवटाळून रडली आणि आपल्या भाषेत भरभर बोलू लागली. गोरीला ओ की ठो कळेना. आत्याची मुलं तोंड दाबून हसली.

"एक अक्षर शिकवलं नाही तुझ्या आईनं," आत्या मग गोरीच्या भाषेत म्हणाली. "भावाच्या अंत्यविधीलासुद्धा बोलावलं नाही आम्हाला. तू इथंच राहा. पण त्या घरी परत पाय ठेवायचा नाही."

"आणि आई?"

"मग जा आईकडे! रक्त आमचं, पण वळण त्यांचं. काय उपयोग?"

घरी येऊन तिनं आईला जाब विचारला. भांडी विसळणारा आईचा हात थांबला नाही.

"मी तुला वाचवलं."

"कशापासून?"

"त्यांच्यातली होण्यापासून."

"आई, मी रोज आरसा बघते गं."

गोरीनं केस वाढवले, वेगळी खोली घेतली. पलीकडे पुन्हा गेली नाही. मामाच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणंही तिला आलं नाही. "पाहुण्यांत उगाच चर्चा नको," असा मामीचा निरोप आईनंच आणून दिला.

पुढे आईचं भान सुटत गेलं. मामानं हात वर केले, तेव्हा गोरीच तिला आपल्या खोलीवर घेऊन आली. एका सकाळी ती दूध घेऊन जवळ बसली, तर आई भिंतीला चिकटली.

"तू कशाला आलीस? माझ्या मुलीला न्यायला?"

गोरीला जरा वेळानं उमगलं. आईला तिच्यात आत्या दिसत होती.

"आई, मीच गोरी."

"खोटारडी! माझी गोरी तुमच्यासारखी नाही. मी देणार नाही तिला!" आईनं कप भिरकावला.

त्यानंतर आईनं तिच्या हातचं काही खाल्लं नाही. शेजारीण भरवायची, गोरी दाराआड उभी राहायची.

"किती जीव आहे हो तुमच्यावर! दिवसभर गोरी, गोरी चाललेलं असतं," शेजारीण एकदा म्हणाली.

"माझ्यावर नाही," गोरी म्हणाली.

आई गेली तेव्हा मामाकडची माणसं आली. त्यातल्या कुणीतरी हळूच विचारलं, "या कोण? सांभाळायला ठेवलेल्या बाई का?"

मामा घुटमळला आणि म्हणाला, "हो."

गोरी सगळ्यांसाठी पाणी भरत होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि दार सताड उघडलं.

"खोली माझी आहे. निघा."

एकेक जण उठून बाहेर पडला. जिना उतरताना मामा तेवढा पुटपुटला, "शेवटी बापावरच गेली."