विहिरीतले शिंपले

उन्हाळ्यात पानवेलींना पाणी सोडण्याआधी माझे सासरे विहिरीचं पाणी चाखतात. गोड लागलं तर गिळायचं आणि मोटर लावायची. खारट लागलं तर माडाच्या बुंध्याशी थुंकायचं आणि मोटर बंद ठेवायची. खारं पाणी मुळाशी गेलं की वेली करपतात, आणि आमचं घर त्या वेलींवरच चालतं. लग्न होऊन आले तेव्हा मला या चाखण्याचं हसू यायचं.

यंदा विहिरीनं तळ गाठला, म्हणून सासऱ्यांनी हट्टानं ती आणखी खोल करवली. राजोडीचा समुद्र हाकेच्या अंतरावर असताना! खोल गेलं की खारं पाणी शिरतं, मी नको नको म्हणत होते, पण ऐकतंय कोण? खालून दगड निघाला तो शिंपल्यांनी खच्चून भरलेला. आमच्या वेलींखाली कधीतरी समुद्र होता.

माझा धाकटा भाऊ माणिकपूरला राहतो, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. त्याला बोलावून घेतलं. दगड उलटसुलट करून तो म्हणाला, "ताई, असल्या दगडांच्या वयावरून आमच्यात अजून वाद आहेत. कोणी म्हणतं, काही हजार वर्षांपूर्वी समुद्रच इथवर होता. कोणी म्हणतं, शिंपले त्याहून फार जुने, लाटांनी आणून टाकलेले."

"काही हजार म्हणजे तुमच्या हिशेबात कालपरवाच ना? मग तो परत येणार नाही कशावरून?"

भाऊ हसत हातांची माती झटकू लागला. मला रागच आला. याला काय, फ्लॅटमध्ये नळाचं पाणी!

"वाद हाय ना? मंग आपन दगड जुनाच धरू," असं म्हणत सासऱ्यांनी पेला पुढे केला.

खोदाईनंतरचं ते पहिलंच पाणी. मी पेला भरून दिला. त्यांनी घोट घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. नजर वेलींवर. गिळा हो, मी मनात म्हणत होते, गिळा एकदाचं.

त्यांनी गिळलं.

"गोड हाय पानी. मोटर लाव."

माझा जीव भांड्यात पडला. पेल्यात उरलेलं पाणी मीही तोंडात घेतलं.

खारट होतं.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघेनात. मी माडापाशी गेले आणि बुंध्याशी थुंकले. मोटर लावायला कोणीच उठलं नाही.