भरल्यासारखी पावलं

अंगणवाडीत लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. आर्णीजवळच्या आमच्या गावात कापसाची वेचणी सुरू होती. सकाळी धुकं इतकं दाट असायचं, की माणसाच्या आधी त्याचा आवाज यायचा.

"पाहा बाई, कशी भरली माही पोरगी!"

धुक्यातून एक आई दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन आली. पाठीवर दुसरं बाळ झाल्यापासून या मुलीचं अंगावरचं दूध तुटलं होतं. आज मात्र गाल गोल, पावलं गुबगुबीत. वजनही वाढलेलं. मीही हसले.

खिचडी वाटली तेव्हा सगळी मुलं ताटलीवर झुकली. ती नाही. दारातल्या कोवळ्या उन्हात नुसती बसून राहिली. त्या उन्हात तिचे विरळ केस मक्याच्या कणसाच्या केसांसारखे तांबूस दिसले. जवळ घेतलं तर किरकिरली, मग पुन्हा गप्प. प्रशिक्षणात ऐकलेलं काहीतरी माझ्या मनात हळूहळू वर आलं. मी तिच्या पावलावर अंगठा दाबून ठेवला, तीन आकडे मोजले आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. दुसऱ्या पावलावरही तसाच. आजूबाजूचा गलका कुठेतरी लांब गेल्यासारखा झाला.

"हे भरणं नाई. सूज हाये," दारात थांबलेल्या तिच्या आईला मी म्हटलं.

"मंग वजन काहून वाढलं?"

"पाणी साठलं अंगात. पोरगी उपाशी हाये आतून. दवाखान्यात न्या लागते."

"रोज भात खाते ना ते! अन् वेचणी सोडून कशी येऊ?"

"नुसत्या भातानं नाई भागत, डाळ-दूधबी लागते. मी येते तुह्यासंगं. आजच."

ऑटोत ती माझ्या मांडीवर झोपली. दोन्हीकडे पांढरी शेतं सरकत होती आणि मला सारखं वाटत होतं, हे आपण स्वप्नातच पाहतोय. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आई आणि तान्हं बाळही तिथेच राहिली.

आठवड्याने फोन आला. आई रडत होती. "बाई, पोरगी वाळून राह्यली!"

मीही घाबरले. तिथल्या नर्सने फोनवर समजावलं, की सूज उतरते तेव्हा वजन आधी कमीच होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी गेले. काटकुळ्या पायांची, ओळखूच न येणारी ती मुलगी खाटेवर बसली होती. रिकामी वाटी तिने माझ्यापुढे आपटली.

"अजून," ती म्हणाली.

तिच्या तोंडून शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.