मडगार्डचा बाक

आमची जुनी मोटार देहूरोडच्या लष्करी लिलावातून आलेली. माझे यजमान डॉक्टर. मावळातल्या खेड्यापाड्यांत जायला तिच्यावाचून गत नव्हती. पण चिंचवडच्या पावसानं तिचं पुढचं मडगार्ड इतकं गंजलं, की बोट लावलं तरी पापुद्रे गळायचे. नवं आणणं झेपणारं नव्हतं.

देहूरोडहून मिस्त्री आला. त्यानं गंजलेला भाग कापूनच काढला. म्हणाला, "ताई, रिकाम्या पिंपाचा पत्रा जोडतो. वेल्डिंग माझ्याकडे लागलं. पण हा बाक मला जमायचा नाही. सपाट ठिगळ चालेल?"

शेजारची तांबटीण कुंपणाशी उभी होती. नवऱ्याचा उजवा हात लुळा पडल्यापासून त्यांच्या घरातले ठोके थांबले होते. तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा.

"पत्राच हाय न्हवं? द्या हिकडं," ती म्हणाली.

तिनं अंगणातली भट्टी पेटवली, पत्रा लाल केला, लोखंडी खुंट्यावर धरून ठोकायला लागली. कड चर्रकन फाटली.

"तांबं ऐकतं वो. ह्ये लई हट्टी!" ती हसली. मिस्त्रीनं दुसरा तुकडा कापून दिला.

ती पुन्हा ठोकू लागली, तेवढ्यात आतून आवाज आला. "अगं, मधी नगं मारूस. बद्द वाजतंय. कडंकडनं ये."

तिचा हातोडा हवेतच थांबला. त्याला तिथून भट्टी दिसत नव्हती, पत्रा दिसत नव्हता. मिस्त्री धावत आत गेला आणि त्यानं तांबटाला धरून उंबऱ्यापाशी आणून बसवलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला. "हळू... आता वरच्या अंगानं... बास. थांब."

मिस्त्रीनं तो तुकडा मडगार्डच्या भगदाडावर टेकवला. बसला! जणू तिथंच उगवला होता. "या अल्ला," मिस्त्री पुटपुटला.

मग मिस्त्रीनं गॅसची निळी ज्योत पेटवली. तांबटिणीनं त्याचा काळा चष्मा मागून घेतला आणि पोरीसारखी ओरडली, "अगं बया! लोखंडाचं पानी झालं की!" सांध्यावर कथील भरून, कानशीनं घासून, वर काळा रंग चढला. मी तळहात कितीदा फिरवला, पण जोड कुठं सुरू होतो ते मला सापडलं नाही. यजमान दवाखान्यातून आले, त्यांनाही नाही.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री एका जीपचा गंजलेला पत्रा काखेत मारून आला. तांबटीण पुढं झाली, पण तो थेट उंबऱ्याकडे गेला.

"उस्ताद, ह्याचं काही होईल?"

"ठेवा खाली," तांबट म्हणाला. "आन् वाजवा जरा. ऐकू द्या."