कडुनिंबाखालची गळती

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून निलंग्यात सगळे खूश. आमच्या अप्पांना मात्र त्या नव्या जिल्ह्यानं भलतंच काही दिलं. दुकानाचा माल आणायला म्हणून ते लातूरला गेले आणि एसटीच्या टपावर टाकून मधमाश्यांची पेटी घेऊन आले. माझ्यासाठी! दहावी झाल्यापासून मी घरात बसून सगळ्यांवर खेकसत होते, तर पोरीला काहीतरी नाद लागू दे, एवढाच त्यांचा विचार.

"अगं माय!" अव्वा, म्हणजे माझी आई, पेटीकडं बघून म्हणाली. "लोक माश्या हाकलतात, आन् ह्ये विकत आणायलेत." पण अंगणातल्या कडुनिंबाखाली जागा तिनंच झाडून दिली.

पेटी देणाऱ्यानं बजावलं होतं, जवळ पाणी ठेवा, नाहीतर सगळ्या उठून जातील. आणि त्या साली पाण्याचीच बोंब! विहिरी आटलेल्या, टँकर एक दिवसाआड. मी परातीत पाणी ठेवलं, तर काही माश्या बुडून मेल्या आणि बाकीच्यांनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मग कळलं, या बाईसाहेब महादेवाच्या देवळात जातात. तिथं उन्हाळाभर पिंडीवर गळती टांगलेली असते, तळाला भोक असलेलं पितळी भांडं, त्यातनं थेंब थेंब पाणी पडत राहतं. ओल्या दगडावर माझ्या माश्या रांगेनं पाणी पीत बसायच्या आणि बाया बेल वाहायला घाबरायच्या.

देवळात पूजा करणारे स्वामी घरी आले. "अप्पा, पेटी हलवा. लोक देवळात यायचे बंद झाले."

मला असा संताप आला! माश्या गेल्या तर माझं दुसरं काय होतं? मी तोंड उघडणार तेवढ्यात अव्वानं डोळे वटारले. स्वामी गेल्यावर ती देवघरात गेली आणि माहेराहून आणलेली, फक्त श्रावणात निघणारी गळती घेऊन बाहेर आली.

"देवाची गळती माश्यांना?" अप्पा म्हणाले.

"देवळात बी गळतीतलंच प्यायल्यात की. देव काय म्हणला का?"

पेटीशेजारी वीट ठेवून तिनं वर फांदीला गळती टांगली. पाणी घालायची ते स्वतःच्या आंघोळीचं. ती ओल्या फडक्यानं अंग पुसून भागवायची. हळूहळू माश्या घरीच पिऊ लागल्या. स्वामी पुन्हा आले नाहीत. मी निर्धास्त झाले.

पण रानात फूल नव्हतं. मी साखरेचा पाक ठेवत होते, तो काही पुरला नसावा. एका दुपारी पेटीतनं मोठा आवाज उठला आणि सगळ्या माश्या बाहेर पडून कडुनिंबाभोवती फिरायला लागल्या. निघाल्याच होत्या त्या. मी नुसती ओरडत राहिले, "अव्वा, चालल्या! अव्वा!"

अव्वा स्वयंपाकघरातनं प्यायच्या पाण्याचा माठ कडेवर घेऊन आली. तांब्या बुडवून तिनं पाणी वर भिरकावलं, पुन्हा भिरकावलं, पार माठ रिकामा होईस्तोवर. टँकर दुसऱ्या दिवशी होता. माश्यांना पाऊस आल्यासारखं वाटतं म्हणतात. खरंच त्या खालच्या फांदीवर येऊन बसल्या. दिवेलागणीला अप्पांनी फांदी धरली आणि मी तो सगळा घोस पेटीत झाडला. राणी आत गेली तशा बाकीच्याही गेल्या. मी रडलेच.

जेवायला चुरमुरे होते, कारण भात शिजवायला पाणीच नव्हतं. अव्वानं गळती उतरवली, भोकावर बोट धरलं आणि अप्पांना न् मला अर्धा अर्धा पेला ओतून दिला. तिनं स्वतः घेतलं नाही. तळाशी उरलेलं तसंच ठेवून तिनं गळती परत टांगली आणि पेटीला कान लावून उभी राहिली.

"हायत," ती म्हणाली. "पोरी लई दमल्या असतील गं."